भिंतीपलीकडचे सात प्रश्न

बायको गेली त्याला पाच महिने झाले, तेव्हा मुलीने फोनवर निर्वाणीचं सांगितलं.

"बाबा, या महिनाअखेरपर्यंत काम मिळालं तर ठीक. नाहीतर घरमालकाला किल्ली द्या आणि इकडे या. तुमच्या जावयांनी मागची खोली रिकामी करून ठेवलीय."

"मला इथे काय धाड भरलीय?" मी म्हणालो.

"काल रात्री काय जेवलात?"

मी आठवायला लागलो.

"बघा," ती म्हणाली.

तिचं चुकत नव्हतं. एकट्या बापाला लांब ठेवून कुठल्या मुलीला झोप लागेल? पण मला ते घर सोडायचं नव्हतं. दोन खोल्या, तिसरा मजला, पायऱ्यांना कठडा एकाच बाजूला. घरात नाव घेण्यासारखं काही नाही. फक्त तिथे आम्ही एकतीस वर्षं राहिलो होतो आणि ती तिथेच गेली होती. दुसऱ्याच्या मागच्या खोलीत जाऊन मी तिची आठवण कशाला टेकवून बसवणार?

मी बॉयलरवरचा माणूस. एकोणतीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात वाफ सांभाळली. ती आजारी पडल्यावर नोकरी सोडली आणि दोन वर्षं घरी राहून तिचं केलं. आता वय पंचावन्न. या वयात कोण विचारतं? तरी अर्ज टाकत होतो. त्यातल्या एकाचं उत्तर आलं. इस्पितळांच्या चादरी आणि कपडे धुणारा एक मोठा धुलाई कारखाना होता, त्यांना बॉयलरवर माणूस हवा होता. मुलाखत अठ्ठावीस तारखेला, सकाळी दहा वाजता. हातात बारा दिवस होते.

मुलीने फोनवर तयारी करून घ्यायला सुरुवात केली.

"स्वतःबद्दल सांगा, असं विचारतात आजकाल."

"काय सांगायचं? वजन?"

"बाबा, नीट. तुमची कमजोरी कोणती?"

"गुडघा."

"बाबा!"

"उजवा."

ती हसली, पण मग म्हणाली, "तुम्ही हे असं बोललात ना, तर सामान बांधायला घ्या."

त्या दिवशी मला आमची जुनी तयारी आठवली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी बॉयलरच्या परीक्षेला बसलो, तेव्हा बायकोने माझ्याकडून सगळं पुस्तक घोकून घेतलं होतं. तिला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती टेबलापलीकडे पुस्तक घेऊन बसायची आणि प्रश्न वाचायची. तिची एक पद्धत होती. उत्तर बरोबर आलं की "हं, पुढे," म्हणायची. चुकलं तर चूक म्हणायची नाही. तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारायची. बरोबर येईपर्यंत. एकदा एक प्रश्न तिने मला अकरा वेळा विचारला होता. मी चिडून उठलो, हात धुऊन आलो, तर बाराव्यांदा विचारला.

मी ते पुस्तक शोधून काढलं. तिच्या खुर्चीसमोर टेबलावर उघडून ठेवलं आणि या बाजूला मी बसलो. रोज सकाळी दहा ते अकरा. मुलाखत दहाला होती, म्हणून डोक्याला त्याच वेळची सवय लावायची. प्रश्न मी तोंडाने म्हणत नव्हतो, ते मला पाठ होते. मनात प्रश्न आणून उत्तर मोठ्याने द्यायचो. थोडं थांबायचो. मग पुढचं उत्तर.

चौथ्या दिवशी शेजारच्या शिवणबाई आल्या. त्या कपडे शिवतात. आमच्या दोन्ही घरांमध्ये एकच पातळ भिंत आहे, तिकडे मशीन चाललं की इकडे कपबशा वाजतात. त्या येऊन तीनच महिने झाले होते, म्हणजे माझ्या बायकोला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. माझी पँट कमरेत ढगळ झाली होती, ती त्यांनी आत घेऊन आणली.

"चार बोटं आत घेतलीय," त्या म्हणाल्या. "आणखी वाळलात तर दोन्ही खिसे पाठीमागे एकमेकांना भेटतील. आणि काय हो भाऊ, ती बाई मास्तरीण आहे का?"

"कोण बाई?"

"रोज तुमचा अभ्यास घेते ती. बरी खमकी आहे. तुमचं उत्तर पटलं नाही की चूक म्हणत नाही, पुन्हा तेच विचारते. मला आवडलं ते. मी माझ्या हाताखालच्या मुलींवर नुसतीच ओरडते."

मी पँट हातात धरून तसाच उभा राहिलो.

"बरोबर आलं की काय म्हणते?" मी विचारलं.

"'हं, पुढे.' का? तुम्हाला नाही माहीत?"

मी त्यांना आत बोलावलं. टेबल दाखवलं, खुर्ची दाखवली, पुस्तक दाखवलं. सगळं सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. त्या दारातच खाली बसल्या. बराच वेळ खुर्चीकडे बघत होत्या.

"म्हणजे ती विचारते ते तुम्हाला ऐकू येत नाही?"

"नाही."

"आणि मला येतं."

"तुम्हीच म्हणताय."

"माझं आणि तिचं काय नातं? मला कशाला ऐकवते?" त्या चिडून म्हणाल्या.

मी म्हणालो, "बाई, एक काम करा. ती काय विचारते ते लिहून द्या."

त्या उठून गेल्या. मला वाटलं आता माझ्याशी बोलणार नाहीत. पण संध्याकाळी दारातूनच म्हणाल्या, "लिहिते. पण माझं दार उघडं ठेवून बसेन, आणि लहान बहिणीला सोबतीला बोलावेन. तिला काही ऐकू आलं नाही तर माझंच डोकं तपासून घेईन." बहिणीला ऐकू आलं. ती पुन्हा आली नाही.

शिवणबाई मापं लिहितात त्या वहीतली पानं फाडून मला देऊ लागल्या. एका बाजूला कोणाची तरी छाती, कंबर, बाहीची लांबी, आणि दुसऱ्या बाजूला माझ्या बायकोचे प्रश्न. पहिला प्रश्न वाफेच्या दाबाचा होता. दुसरा सुरक्षा झडपेचा, म्हणजे दाब फार वाढला की आपोआप उघडते तिचा. असे एकूण सहा. रोज तेच सहा, त्याच क्रमाने. पुस्तकात दोनशेच्या वर प्रश्न आहेत. मी मनात भलतेच आणत होतो आणि ती तिकडे हे सहा विचारत होती. म्हणून माझी उत्तरं चुकत होती. कागद हातात आल्यावर मी तेच सहा धरले. शिवणबाई म्हणाल्या, "आज सगळ्याला 'हं, पुढे' मिळालं." मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

खरं सांगतो, तेव्हापासून घर सोडायचा विचारसुद्धा मला सहन होईना. आधी तिथे आठवणी होत्या. आता ती होती. भिंतीच्या पलीकडून का होईना, होती.

आठव्या दिवशी कागदावर सातवा प्रश्न आला.

'तासभर काय बघत होतात?'

"हा काही बॉयलरचा वाटत नाही," शिवणबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग कशाचा?"

"कामाचा नाही," मी म्हणालो आणि कागद दुमडून खिशात घातला.

प्रश्न कशाचा होता ते मला चांगलं माहीत होतं. ती गेली त्या सकाळचा. मुलीला मी सांगितलं होतं की आई झोपेत गेली आणि शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. मुलगी ते धरून बसली होती. लोकांना सांगायची, आईला निदान बाबांची सोबत तरी होती. ते खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सहा उत्तरं दिली आणि उठलो. शिवणबाई म्हणाल्या, सातवा तीनदा विचारला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचदा. मी मुद्दाम तास संपायच्या आधीच बाहेर जाऊ लागलो, तर म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावरही विचारत होती भाऊ. एकदा देऊन टाका ना उत्तर. मला शिवता येत नाही, हात थांबतो."

"तुम्ही मशीन जोरात चालवा."

"चालवते. ती आवाज चढवत नाही. तरी ऐकू येतं."

सत्तावीस तारखेला, म्हणजे आदल्या दिवशी, कागदावर पहिले सहा नव्हतेच. वरपासून खालपर्यंत सातवा. शिवणबाईंनी बावीस ओळी लिहून पुढे नुसत्या रेघा मारल्या होत्या.

अठ्ठावीसला मी दाढी केली, आत घेतलेली पँट घातली आणि पाऊण तास आधी पोचलो. धुलाई कारखान्यात सगळीकडे गरम ओल्या कापडाचा वास होता. पांढऱ्या चादरींनी भरलेल्या गाड्या बायका ढकलत नेत होत्या. मला एका खोलीत बसवलं. समोर तिघं होते. मोठे इंजिनियर, त्यांच्या शेजारी बॉयलरचे मुकादम, आणि टोकाला ऑफिसातली एक तरुण बाई. ती फॉर्मवर सगळं लिहून घेत होती.

सुरुवात तिनेच केली. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"साठीत," मी म्हणालो. "जिना चढता आला तर इथेच."

मुकादम खो खो हसले. इंजिनियर हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर केला आणि वाफेच्या दाबाबद्दल विचारलं. मी उत्तर दिलं. मग त्यांनी सुरक्षा झडपेबद्दल विचारलं.

तिसरा प्रश्न आला तेव्हा माझ्या लक्षात आलं. शब्द इंजिनियरांचे होते, पण क्रम वहीतल्या पानाचा होता. चौथा. पाचवा. मी उत्तर संपवलं की क्षणभर थांबायचो, आणि ते खाली बघून काहीतरी पुटपुटायचे. 'हं, पुढे' म्हणाले असतील किंवा नसतील. मी कानावर भरवसा ठेवला नाही.

सहावा प्रश्न पाण्याच्या काचेचा होता. बॉयलरला बाहेरून एक उभी काचनळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी कमी होऊन बॉयलर कोरडा तापला तर फुटतो, माणसं मरतात. म्हणून बॉयलरवरच्या माणसाची अर्धी नोकरी म्हणजे त्या काचेकडे बघणं.

"कामावर आलात आणि काचेत पाण्याची रेघ दिसत नाही," इंजिनियर म्हणाले. "काय समजाल?"

"काहीच समजणार नाही. काच पूर्ण भरलेली असली तरी रेघ दिसत नाही आणि पूर्ण रिकामी असली तरी दिसत नाही. दोन्ही सारखंच दिसतं. बघून कळत नाही, हात लावावा लागतो. खालची तोटी उघडून काच रिकामी करायची, मग बंद करायची. पाणी उसळून वर आलं तर आहे. नाही आलं तर नाही."

"आणि नाही आलं तर? पाणी सोडाल?"

"तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी? मग मला इथे शोधू नका, चादरींवर शोधा. आग बंद करायची आणि माणसं लांब काढायची."

मुकादमांनी इंजिनियरांकडे बघून मान हलवली. इंजिनियरांनी फाइल मिटली. "झालं. या तुम्ही."

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात ऑफिसातली बाई म्हणाली, "थांबा हं, सातव्याचं उत्तर राहिलं."

"कोणता सातवा?" इंजिनियर म्हणाले. "मी सहाच विचारले."

"तुम्हीच विचारलात ना सर? मी लिहून घेतलाय." तिने फॉर्म वर धरला आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "'तासभर काय बघत होतात?'" तिने फॉर्म खाली ठेवला. आपल्याच अक्षराकडे बघत राहिली. "मला वाटलं... कोणीतरी म्हणालं."

"काहीतरी घोळ झालाय. असू दे," इंजिनियर म्हणाले. "या तुम्ही."

मी उभा होतो. जायला हरकत नव्हती. सहा उत्तरं चोख गेली होती, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सातवं उत्तर दिलं तर कोण ठेवणार होतं मला बॉयलरवर? म्हणजे नोकरी जाणार, मग घर जाणार, मग मागची खोली. हे सगळं मला त्या एका क्षणात स्वच्छ दिसलं. आणि हेही दिसलं की गप्प बसून घर राखलं, तर त्या घरात रोज दहा वाजता तो प्रश्न असेल.

मी पुन्हा बसलो.

"प्रश्न मला आहे," मी म्हणालो. "माझी बायको पाच महिन्यांपूर्वी गेली. त्या दिवशी सकाळी मी तिच्या पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसलो होतो. ती डोळे मिटून पडली होती. मी बघितलं, म्हटलं झोपलीय. बरं वाटलं, कारण रात्रभर तिला झोप नव्हती. मी पेपर उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. मधे मधे तिच्याकडे बघत होतो. चेहरा शांत होता. तासाभराने चादर सारखी करायला हात लावला, तेव्हा कळलं. ती कधीच गेली होती. मी बसायच्या आधी की नंतर, तेसुद्धा मला माहीत नाही. एकोणतीस वर्षं मी नव्या पोरांना शिकवलं, नुसतं बघून धरू नका, हात लावा. आणि घरी तासभर नुसता बघत बसलो."

बाहेर गाड्यांची चाकं वाजत होती.

"मुलीला मी हे सांगितलेलं नाही," मी म्हणालो. "झालं. माझं उत्तर संपलं."

ऑफिसातली बाई रडत होती. मुकादमांनी खिडकीबाहेर बघितलं. इंजिनियरांनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली.

"आधीचा माणूस," ते सावकाश म्हणाले, "सांगायचा की त्याची आयुष्यात एकही चूक झालेली नाही. तीन महिन्यांपूर्वी त्याने बॉयलर कोरडा तापवला. नशीब कोणी मेलं नाही." त्यांनी काहीतरी लिहिलं. "तुम्ही आता काचेला हात लावल्याशिवाय राहणार नाही. सोमवारपासून या. सकाळी सहा ते दुपारी दोन."

मी घरी न जाता वाटेतच थांबून मुलीला फोन केला. आधी नोकरीचं सांगितलं. ती एवढ्या जोरात ओरडली की जावयांनी पलीकडून विचारलं, काय पडलं? मग मी तिला त्या तासाचं सांगितलं. सगळं, पेपरासकट.

ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

"नाही."

"आधी जेवा. आणि राहा तिथेच. मी महिन्यातून एकदा येत जाईन."

घर राहिलं.

सोमवारी कामावर गेलो. तो आठवडा बरा गेला, बॉयलर जुना आहे पण गुणी आहे. शिवणबाई मात्र दिसेनात. जिन्यात गाठ पडली तर मान खाली घालून जायच्या. शनिवारी मी त्यांचं दार वाजवलं.

"उत्तर दिलं मी सातव्याचं," मी म्हणालो. "आता विचारते का काही?"

"नाही. प्रश्न संपले."

"म्हणजे आता शांत आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कापडाला टाचण्या लावत राहिल्या. "शांत कुठलं, भाऊ? तुम्ही पावणेसहाला जिना उतरलात की सुरू होतं. दोघं बोलत बसता."

"दोघं कोण?"

"ती आणि तुम्ही."

"मी कामावर असतो बाई. सहा ते दोन."

"ते मला कळत नाही का? तुम्हाला जाताना मी खिडकीतून बघते. म्हणून तर तुमच्याशी बोलायची हिंमत होत नव्हती." त्यांच्या ओठांत एक टाचणी होती, ती त्यांनी काढून टाचण्यांच्या उशीत खुपसली. "आवाज तुमचाच. एवढे दिवस ऐकलाय, मी चुकायची नाही."

"काय बोलतो मी?"

"नीट कळत नाही. सावकाश चाललेलं असतं. अभ्यासासारखं नाही, घरातल्यासारखं. ती काहीतरी सांगते, तुम्ही हं हं करता. मधेच हसता." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला असं हसताना मी समोर कधी ऐकलं नाही."

"आणि दोननंतर मी परत येतो तेव्हा?"

"तुमची चप्पल जिन्यात वाजली की थांबतं."

त्याला आता दीड महिना झाला. मी रोज अडीचपर्यंत घरी येतो. तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधी चप्पल हातात घेतो आणि दाराशी उभा राहतो. मला काही ऐकू येत नाही. किल्ली लावतो. आत खुर्च्या जागेवर असतात आणि खोली माणसं नुकतीच उठून गेल्यासारखी उबदार असते.

गेल्या आठवड्यात अंगात ताप होता. मुकादम म्हणाले, डोळे लाल झालेत तुमचे, दोन दिवस रजा घ्या, घरी पडून राहा. मी नको म्हणालो. ते म्हणाले, अहो, एवढं काय नडलंय? बॉयलर काही पळून जात नाही.

त्यांना काय सांगणार? मी दिवसभर घरी राहिलो तर ती दोघं कुठे जातील?